घरापर्यंत टिकेल

माझी आणि त्याची ओळख त्याच्या बुटाने करून दिली. बूट हसला, म्हणून.

आमच्याकडे डोंगरात जाणारी माणसं असंच म्हणतात. बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक आ वासायला लागला, की बूट हसला. ज्याचा हसतो तो मात्र रडकुंडीला आलेला असतो.

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. ओढ्याकाठच्या पत्र्याच्या झोपडीतला मुक्काम आटोपून आम्ही आठ जण समोरच्या धारेवर चढत होतो. धुकं इतकं दाट, की पुढच्या माणसाच्या पाठपिशवीचा रंग तेवढा दिसे. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत लटकून होता. आणि माझ्या मागून आवाज यायला लागला. फट्... फट्... फट्...

मी न वळताच विचारलं, "कुणाचा बूट हसतोय?"

मग एक अपराधी आवाज आला, "माझा... पण अगदी थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"झोपडीपासून इथपर्यंत स्मितहास्य होतं," तो म्हणाला. "आता पडजीभ दिसायला लागलीय."

मी वळले. काडीसारखा उंच, कान जरा मोठेच, चष्म्याच्या काचा धुक्याने पांढऱ्या झालेल्या. त्याने चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पापण्यांवर पाण्याचे बारीक थेंब होते... मी घाईने बुटाकडे बघायला लागले.

आम्ही आठही जण एकमेकांना अनोळखी. टपालकाकांनी इंटरनेटवर टाकलेली सूचना वाचून जमलेलो. टपालकाका म्हणजे आमचे म्होरके, निवृत्त पोस्टमन. डोंगरात खरी नावं कुणी विचारत नाही, टोपणनावांवर सगळं चालतं. मी 'दाभण'. तायचुंगला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फाटके तंबू, उसवलेल्या पाठपिशव्या, बिघडलेल्या चेनी, सगळं माझ्याकडे येतं, आणि डोंगरातही माझी अवजारांची पिशवी बरोबर असते. म्हणून दाभण. जिभेमुळे हे नाव पडलं असंही काही जण म्हणतात, पण त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

तो 'नव्याण्णव'.

आमच्या बेटावरची उंच शंभर शिखरं ठरलेली आहेत, आणि ती सगळी पायाखाली घालायची हे आमच्यातल्या निम्म्या लोकांचं वेड. त्याची नव्याण्णव झाली होती आणि तिथेच गाडी तीन वर्षं अडली होती. एका वर्षी वादळाने रस्ता वाहून गेला. दुसऱ्या वर्षी परवान्याच्या सोडतीत नाव निघालं नाही. तिसऱ्या वर्षी पिंगलिनच्या चहाच्या कारखान्यात, जिथे तो चहा भाजतो, ऐन हंगामात रजा मिळाली नाही. आता हे चुंगयांग-च्येन शिखर त्याचं शंभरावं. टपालकाकांच्या पिशवीत लाल कापडाचा फलक घडी घालून ठेवला होता, आणि पपईताई नावाची एक बाई पहिल्या दिवसापासून केकचा डबा बाळासारखा सांभाळत चालली होती. थोडक्यात, सगळी वरात तयार होती आणि नवरदेवाचाच बूट फाटला होता.

मी बूट हातात घेतला आणि तळ जरासा ओढून पाहिला. आतून पिवळट भुसा गळला.

"किती वर्षांचे?"

"अकरा. पण वापरलेच नाहीत फारसे," तो अभिमानाने म्हणाला. पहिल्या शिखराला हेच बूट घातले होते. त्याच दिवशी त्याने ठरवलं, की शंभराव्यालाही हेच घालायचे. मग पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिले.

मला हसावं की रागवावं कळेना. आमच्या दमट हवेत बूट चालून मरत नाहीत, बसून मरतात. आतला थर आणि गोंद यांचं कपाटावर बसल्या बसल्या पीठ होतं. वरून नवा कोरा, आतून खलास. असा एखादा नवसाचा बूट दर महिन्याला माझ्या टेबलावर येतो, आणि त्याचा मालक दर वेळी हेच सांगतो, की फारसे वापरलेच नाहीत.

"वापरले असतेस तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

धारेवर जरा सपाटी लागली. तिथे वाऱ्याच्या आडोशाला काकांनी सगळ्यांना थांबवलं आणि मी माझी पिशवी उघडली. दाभण, मेणदोरा, पक्कड, काचपेपरचा तुकडा, रबराचा गोंद, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली वळी, आणि वायरी बांधायचे ते प्लास्टिकचे पट्टे. गोंदावर माझा भरवसा नव्हता, ओल्यात तो धरत नाही. म्हणून तळाच्या पुढच्या रबरातून दाभण घालून टाके घालायचे, वरून ट्यूबची वळी ताणून चढवायची आणि मग पट्ट्यांनी आवळायचं असं ठरवलं.

तो एका पायावर उभा होता. दुसरा पाय चिखलात टेकवायला नको म्हणून मोज्यासकट अधांतरी. थोडा वेळ डुगडुगला आणि मग म्हणाला, "खांद्यावर हात ठेवू का? तुझ्या... म्हणजे दुसरा कुणाचा जवळ नाहीये."

"ठेव. पण हलू नकोस. टाका वाकडा गेला तर तुलाच जबाबदार धरीन."

त्याने हात ठेवला. हलका, अगदी टेकवल्यासारखा. वीस मिनिटं तो हात तिथे होता. मी अकरा टाके घातले, आणि त्यातल्या प्रत्येक टाक्याला तो हात मला जाणवत होता.

"तू शिवताना ओठ मिटतेस," तो वरून म्हणाला.

"तू बोलताना मिटत नाहीस."

"माझे वडीलही म्हणतात. पण चहा भाजताना मी अगदी गप्प असतो. तेव्हा वास ऐकावा लागतो."

वास ऐकावा लागतो! असं कुणी बोलतं का? मी मान खाली घालून दोरा ताणला. माझ्याकडे येणारी माणसं किती दिवसांत मिळेल आणि किती पडतील एवढंच विचारतात. शिवताना माझं तोंड कसं दिसतं हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

काम झालं. मी बूट वाकवून पाहिला, पिळून पाहिला, दगडावर आपटून पाहिला. पक्का बसला होता. टपालकाका जवळ येऊन उकिडवे बसले. बाकीचेही गोळा झाले.

"बोल पोरी," काका म्हणाले. "टिकेल का?"

प्रश्न साधा नव्हता. पुढे दिवसभर ओढ्याच्या पात्रातून, दगडांवरून उड्या मारत जायचं. उद्या सुट्या दगडांच्या घळीतून तीन तास वर, आणि तितकेच तास घसरत खाली. तिथे तळ सुटला तर पाय मुरगळेल, आणि सगळ्या तुकडीच्या गळ्याशी येईल. मागे मात्र मातीची वाट, बांबूचं रान आणि मग जुना लाकूडतोड्यांचा रस्ता. माझ्या 'हो'वर त्याचं शंभरावं होतं, माझ्या 'नाही'वर ते गेलं होतं. पुन्हा परवाना, पुन्हा सोडत, पुन्हा रजा. तो माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसता विश्वास होता.

खरं सांगू? माझ्या हाताला वाटत होतं, टिकेल.

"घरापर्यंत टिकेल," मी म्हणाले. "शिखरापर्यंत नाही."

पपईताईने केकचा डबा या हातातून त्या हातात घेतला. तो दोन क्षण आपल्या बुटाकडे बघत राहिला, मग मान हलवून म्हणाला, "दाभण म्हणतेय म्हणजे नाहीच टिकणार."

डोंगरात आमचा एक नियम आहे. परत फिरणाऱ्याला एकट्याने जाऊ द्यायचं नाही. म्हणजे आणखी कुणाचंतरी शिखर जाणार. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी जाते. टाके माझे आहेत. वाटेत उसवले तर मीच हवी ना?"

किती पटकन म्हणाले मी ते. पपईताईने माझ्याकडे असं पाहिलं, की मला पिशवीची चेन दोनदा लावावी लागली. मी सामान आवरत होते तेवढ्यात काका त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, त्याने मान हलवून नकार दिला, आणि आम्ही दोघं खाली उतरायला लागलो. मागे वळून पाहिलं तेव्हा सहा जण धुक्यात शिरत होते.

मग सुरू झाले माझे हाल.

तो पुढे, मी मागे, आणि माझे डोळे त्या बुटावर. आता सुटेल, या मुळाला अडकून सुटेल, या दगडावर तरी नक्की सुटेल. सुटायलाच हवा होता. सुटला असता तर मी खरी ठरले असते. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपल्याच कामावर पाणी पडावं अशी इच्छा करत होते, आणि तो शहाणा डबक्यांतून खुशाल चालत होता. पाणी पडत होतं, आणि कामाला काहीही होत नव्हतं.

"बघ, तुझे टाके," तो मध्येच वळून कौतुकाने म्हणाला. "हूं की चूं नाही."

"पुढे बघून चाल," मी म्हणाले.

दुपारी पत्र्याच्या झोपडीत पोचलो. त्याने चहा केला. लहानशा डब्यातून चिमूटभर पानं काढली, पाणी उकळून जरा निवू दिलं, मग ओतलं. मला पहिला पेला दिला आणि मी घोट घेईपर्यंत श्वास रोखून बसला. चहात काय होतं ते मला सांगता येणार नाही. कुठेतरी लांब कुणीतरी लाकूड जाळतंय आणि आपण घरी आलोय, असं काहीतरी.

तो कारखान्याबद्दल बोलत होता, वडिलांबद्दल बोलत होता. नव्याण्णव शिखरांपैकी एकाचंही नाव त्याने काढलं नाही. मीच शेवटी विचारलं, की वाईट वाटतंय ना. तो म्हणाला, वाटतंय थोडं. मग म्हणाला, आईने घरच्या भिंतीवर एक खिळा मोकळा ठेवलाय, शंभराव्याच्या फोटोसाठी. तीन वर्षांत त्यावर तिने तिची छत्री अडकवायला सुरुवात केलीय.

तो हसला. मी हसू शकले नाही. त्याचं हे एवढंसं बोलणंही मला बोचलं. काल या वेळी मी या माणसाला ओळखतही नव्हते, आणि आज त्याच्या भिंतीवरचा खिळा माझ्यामुळे रिकामा राहिला होता. सांगून टाकावं असं वाटलं. सांगितलं की तो माझ्याकडे असा बघणार नाही, हेही कळत होतं. मी चहाचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला. तो म्हणाला, थंडी वाजतेय का, आणि आपलं जाकीट माझ्या अंगावर टाकलं. झालं! आता तर सांगणं आणखीच अवघड.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं. खिंडीच्या चढावर त्याने माझी पिशवी मागितली, मी दिली नाही. लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर आम्ही शेजारी शेजारी चाललो. वाट रुंद होती म्हणून, असं दोघांनीही मनाला सांगितलं असावं. बोलता बोलता त्याचा हात माझ्या हाताला लागला, त्याने काढून घेतला नाही, मीही नाही... आणि खाली बूट चालतच होता. ठणठणीत.

अकराच्या सुमारास डांबरी रस्ता आला. कोबीच्या शेतांच्या कडेला बसथांबा. यिलानची बस चाळीस मिनिटांनी होती. यिलानहून तो पिंगलिनला जाणार, मी आगगाडीने तायचुंगला. त्याने बाकावर बसून पाय लांब केले. बूट उन्हात चमकत होता, पट्टे जसेच्या तसे, ट्यूबची वळी जशीच्या तशी.

"टिकला," मी म्हणाले.

"टिकणारच. तू म्हणाली होतीस ना, घरापर्यंत."

"तसं नाही... तो टिकला म्हणजे तो वरही टिकला असता." मी एका दमात बोलून टाकलं. "तुझं शंभरावं मी घालवलं, नव्याण्णव. माझ्यामुळे गेलं ते."

समोर बायका टोपल्यांत कोबी भरत होत्या, त्यांच्याकडे तो बघत राहिला. मग वाकला, नाड्या सोडल्या, बूट काढला, आणि माझ्या पिशवीतली पक्कड घेऊन एकेक पट्टा तोडायला लागला. मला वाटलं, चिडला. चिडणारच. ट्यूबची वळी निघाली. त्याने तळ हळूच उचलला आणि बूट माझ्यापुढे धरला.

"मोज," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. अकरांतले सात टाके तुटले होते. दोऱ्याची टोकं आत कुसळांसारखी उभी होती. बाकीचे चार जेमतेम तग धरून होते. वरून सगळं ठणठणीत, आतून खलास. ओढ्याच्या दगडांवर तो तास-दोन तासही टिकला नसता, घळीचं तर नावच नको.

"बघ," तो म्हणाला. आवाजात सुटका होती, माझ्यासाठीची. "तू बरोबर होतीस. उगाच कशाला जिवाला लावून घेतेस?"

किती सोपं होतं. मान डोलवायची, आपल्या कामाची थोडी ऐट मिरवायची आणि बसमध्ये बसायचं. तायचुंगला जाऊन दुकान उघडायचं. त्याला कधीच काही कळलं नसतं.

पण तो किती सरळ बघत होता माझ्याकडे!

"मी बरोबर नव्हते," मी म्हणाले. "मी खोटंच बोलले होते. ते खरं निघालं, त्याला मी काय करू? तेव्हा मला वाटत होतं की टिकेल. हाताला कळतं माझ्या, आणि हात म्हणत होता टिकेल. तरी मी नाही म्हणाले. कारण... तू वर गेला असतास तर आठ जणांत गेला असतास. फलक, फोटो, केक. आणि मग आपापल्या बसने आपापल्या घरी. मला तू दीड दिवस हवा होतास. नुसता. बाकी कुणी नको होतं."

सांगून झालं. कान तापले होते. कोबीवाल्या बायकांतली एक सरळ उभी राहून आमच्याकडे बघत होती, तिचंही मला काही वाटलं नाही. आता तो उठेल, एवढंच मनात होतं.

तो उठला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "टपालकाका मला बाजूला घेऊन काय म्हणाले, ते विचारलं नाहीस तू."

"काय म्हणाले?"

"त्यांच्या पिशवीत रबरी बूट होते. ओढ्यात घालायचे, नवे कोरे. म्हणाले, हे घाल आणि चल वर, मी माझ्या जुन्यांत भागवतो." तो थांबला. "मी म्हणालो, मला लहान होतात."

"होतात?"

"अगदी माझ्याच मापाचे होते गं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला त्याचा इतका राग आला की बोलता येईना. तीन वर्षं. वादळं, सोडती, रजा. आईचा तो खिळा. आणि हा गाढव कालपासून डबक्यांतून चालत माझ्या टाक्यांचं कौतुक करत होता!

"वेडा आहेस का तू?" मी म्हणाले. "शंभरावं होतं ते!"

"ते कुठे जातंय?" तो म्हणाला. "लाखो वर्षं तिथेच आहे ते. तू मात्र म्हणाली होतीस, मी जाते. आणि पिशवीची चेनसुद्धा लावली होतीस... दोनदा."

मग मी रडले की हसले ते नक्की आठवत नाही. त्याने माझा हात हातात घेतला होता एवढं आठवतं. चहा भाजून भाजून त्याची बोटं टोकाशी खरखरीत झाली आहेत, ते तेव्हा कळलं.

बस यायला दहा मिनिटं उरली होती आणि त्याच्या एका पायात बूट नव्हता. मी पिशवी उघडली, दाभण काढलं, दोरा ओवायला घेतला. तो ओवला जाईना. वादळात फाटलेला तंबू मी एकदा वाऱ्यात उभी राहून शिवला आहे, तेव्हाही दोरा पहिल्या झटक्यात ओवला होता. शेवटी दोरा त्याने ओवून दिला. मी कसेबसे तीन टाके मारले, वरून ट्यूब गुंडाळली, गाठ बांधली. इतकं वाईट काम मी उमेदवारीत असतानाही केलं नव्हतं.

"टिकेल?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही."

"आता खरं बोलतेयस की—"

"चढ गुपचूप," मी म्हणाले.

बसच्या दुसऱ्या पायरीवरच तळ सुटला आणि खाली पडला. ड्रायव्हरने आधी त्या तळाकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. मी खाली वाकून तो उचलला आणि त्याच्या मागोमाग बसमध्ये चढले.